कुलूपबंद रांजण

आमच्या खोलीत माणसं बारा आणि खिळे अकरा. सगळ्या भानगडीला सुरुवात तिथूनच करावी लागेल, कारण नातीने दम भरलाय, "दादा, स्टार्ट फ्रॉम द बिगिनिंग, प्लीज." तिला कॉलेजात प्रोजेक्ट आहे. हुकूमशहा कसे वर येतात आणि महायुद्धात साध्या माणसांचं काय होतं, असा विषय. घरात म्हातारा आहे, त्याला विचारून टाकू, फुकटात काम होईल, हा तिचा हिशोब. अबुधाबीच्या खलिफा सिटीतल्या आमच्या हॉलमध्ये तिने फोन रेकॉर्डिंगला लावला आणि विचारलं, तुम्ही वॉर पाहिलं होतं का?

मी म्हटलं, वॉर पाहिलं तेव्हा मी चड्डीत होतो. पण हुकूमशहाच्या राज्यात मी स्वतः राहिलोय. चांगला दीड महिना.

"व्हॉट? व्हेअर?"

"देऱ्यात," मी म्हटलं. तिने फोन माझ्या आणखी जवळ सरकवला.

साठ-बासष्ट वर्षं झाली या गोष्टीला. तेव्हा अमिरात नावाचा देशच नव्हता. मुंबईहून बोट यायची ती बाहेर खोल पाण्यात उभी राहायची, मग आम्ही ट्रंका डोक्यावर घेऊन पडावात उतरायचो. दुबईच्या देरा भागात, खाडीच्या मागच्या गल्लीत आमच्या गावच्या जमातीची, म्हणजे गावातल्या मुसलमानांच्या पंचायतीची, खोली होती. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरचं आमचं गाव, तिथून जो कोणी दुबईला येईल त्याने आधी या खोलीत यायचं, चटई टाकायची, स्वयंपाकाची पाळी लावून घ्यायची, मग नोकरी शोधायची, असा रिवाज. खोलीचा शब्द गावात चालायचा. इथे कोणी दारू प्यायला, कोणी नमाज चुकवली, की जमातीला पत्र जायचं, आणि पोरगा सुट्टीवर गावी पोचायच्या आधी त्याची कीर्ती पोचलेली असायची!

मी एका व्यापाऱ्याच्या ऑफिसात टायपिस्ट होतो. वय सत्तावीस, तोंड फटकळ, आणि टाईपरायटर येतो म्हणून आपण कोणीतरी आहोत असा माज. तो अजून पुरता उतरलेला नाही असं बायको म्हणते.

खिळ्यांचं सांगत होतो. अकरा खिळ्यांपैकी एकावर सारंगचाचांचा कोट असायचा. चाचा जन्मभर गोऱ्यांच्या मालबोटींवर खलाशी, शेवटी खलाशांचे म्होरके, म्हणजे सारंग, झालेले. म्हातारपणी देऱ्यात एका गोदामावर वॉचमन. त्यांचा तो कोट म्हणजे काळा, जाड, लोकरीचा, गुडघ्यापर्यंत लांब. ज्या देऱ्यात आम्ही मलमलीच्या गंजीफ्रॉकातसुद्धा शिजायचो, तिथे हा कोट वर्षभर एक खिळा अडवून बसलेला. आतलं अस्तर फाटून लोंबत होतं. कोणी म्हटलं, चाचा, शिंप्याकडे टाका, की ते म्हणायचे, "नाही. माझा शिंपी ठरलेला आहे."

तो शिंपी हॅम्बुर्गचा. युद्धाच्या आधी चाचांची बोट दर वर्षी तिकडे जायची. धक्क्याजवळच्या गल्लीत एक यहुदी म्हातारा जुने कोट विकायचा. आपल्या खलाशांना थंडीत कुडकुडताना पाहून तो हाताने खुणा करून आत बोलवायचा, कोट घालायला द्यायचा, बाह्या लांब झाल्या तर तिथेच बसून तोकड्या करून द्यायचा. चाचांच्या कोटाला त्याने तसबी, म्हणजे जपमाळ, ठेवायला आतून एक छोटा खिसा शिवून दिला होता. आणि खुणेने सांगितलं होतं, पुढच्या फेरीला आण, अस्तर बदलून देतो.

त्याच्या शेजारी एक न्हावी होता. त्याची गोष्ट चाचा नक्कल करून सांगायचे आणि आम्ही पोट धरून हसायचो. पहिल्या फेरीला न्हावी चाचांची दाढी करताना गाणं म्हणायचा. दुसऱ्या फेरीला त्याच्या आरशावर झेंडा आला. तिसऱ्या फेरीला भिंतीवर तो मिशीवाला आला, आणि न्हावी आल्या-गेल्याला दुकानात वस्तरा हातात घेऊन सलाम ठोकायचा. गिऱ्हाइकाच्या गळ्याला साबण तसाच! चाचा वस्तरा धरल्यासारखा हात ताठ वर करून दाखवायचे आणि डोळे गरगर फिरवायचे. चौथ्या फेरीला यहुद्याच्या दुकानाची काच फुटलेली, दाराला फळ्या ठोकलेल्या. चाचा काखेत कोट घेऊन उभे. न्हाव्याला विचारलं, हा कुठे गेला? न्हावी म्हणाला, मला काय माहीत. मग थोड्या वेळाने आपणहून म्हणाला, सगळ्यांनी हात वर केले, मीपण केला. माझ्या एकट्याच्या हाताने काय फरक पडला असता?

इथे चाचा नक्कल बंद करायचे. आम्ही मात्र हसत राहायचो.

पुढे युद्ध लागलं आणि भर समुद्रात जर्मनांनी चाचांची बोट पकडली. अंगावर होतं त्यानिशी सगळ्यांना उतरवलं. अंगावर कोट होता म्हणून तो वाचला, आणि कोट होता म्हणून चाचाही वाचले. सैनिक नव्हेत, साधे खलाशी, पण चार वर्षं तारेच्या कुंपणात काढली. इकडे गावात बोट बुडाल्याची बातमी आली. जमातीने नमाज पढली, चाळीसावाही घातला. मी तेव्हा लहान होतो, पण तो चाळीसावा मला आठवतो. रॉकेल मिळत नव्हतं म्हणून खोबरेल तेलाच्या पणत्या, त्यासुद्धा समुद्राकडची दारं-खिडक्या बंद करून, कारण पाणबुडीला उजेड दिसेल अशी आवई उठली होती. आम्ही पोरं माडाखाली पालथी पडून पाणबुडीची टेहळणी करायचो. एकदा दिसली म्हणून बोंब मारत गावात आलो, तर लोकांनी जाऊन पाहिलं, डॉल्फिन निघाले! तांदूळ रेशनवर. म्हणून चाळीसाव्याला नाचणीची भाकरी आणि सुकट.

चाचा युद्धानंतर जिते-जागते घरी आले, आईच्या गळ्यात पडून रडले, आणि मग पहिला प्रश्न काय विचारावा? माझ्या चाळीसाव्याला काय केलं होतं? उत्तर ऐकून ते जे रुसले ते देऱ्यात येईपर्यंत रुसलेले होते. "अरे, माणूस एकदाच मरतो," म्हणायचे. "आणि नाचणीची भाकरी?"

तर अशी आमची खोली. त्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाला तीन गोष्टी आल्या. पाण्याची टंचाई आली, रांजण आला आणि जावई आला.

पाणी गाढवावर यायचं. पाणीवाला सकाळी डबे ओतून जायचा, ते बारा जणांना रात्रीपर्यंत पुरवायचं. आधी आम्ही ते पत्र्याच्या पिंपात ठेवायचो आणि दुपारी चहासारखं गरम पाणी प्यायचो. त्या वर्षी मुकादम सुट्टीवरून येताना गावच्या कुंभाराचा भलामोठा रांजण घेऊन आले. बोटीत मांडीशी धरून, कुणाला हात लावू न देता. कोपऱ्यात चार विटा लावून, मध्ये वाळू भरून, गावाकडच्या रीतीने रांजण त्यात बसवला. पहिल्या दिवशी आम्ही ते गार पाणी प्यायलो आणि बाराजणांचे डोळे भरून आले. गावच्या मातीचा वास! एकाने तर रांजणाला मिठी मारली.

मुकादम म्हणजे खोलीचा कारभारी. धक्क्यावर गोण्या मोजायचं काम करायचे. अगदी मवाळ माणूस होता हो, आपल्याच शिंकेची माफी मागणारा. हे मी मुद्दाम सांगतोय. नातीलाही सांगितलं, हे लिहून घे, शिंगं घेऊन कोणी येत नाही.

आणि जावई. तो दुसऱ्या गावचा, खाडीपलीकडच्या रायगडातला. पण आमच्या गावातल्या मुलीशी त्याचं ठरलं होतं, म्हणून खोलीत जागा मिळाली. चोविसेक वर्षांचा, उंच, लाजाळू. मुलीच्या बापाची एकच अट होती, मुलगा आमच्या लोकांत वर्षभर राहू दे, आमचे लोक चांगला म्हणाले की बार उडवू. रोज संध्याकाळी तो खिडकीत बसून तिला पत्र लिहायचा आणि आम्ही मागून वाकून वाचायचा प्रयत्न करायचो. तो एका इराण्याच्या हार्डवेअरच्या दुकानात होता. खिळे, बिजागऱ्या, कड्या, कुलपं. आल्या आल्या त्याने बारावा खिळा आणून स्वतःसाठी ठोकला, तर दोघे-तिघे कुरकुरले, अमक्याला विचारून ठोकला का? बाहेरचा तो बाहेरचाच.

मे महिना लागला आणि पाणी पुरेना. दुपार कलतानाच्या असरच्या नमाजपर्यंत रांजण तळाला. तू जास्त प्यायलास, तू वजूला, हातपाय धुवायला, घेतलंस, तू दाढी केलीस. एकदा दोघांची जुंपली ती पार लुंग्या सुटेपर्यंत. तेव्हा आम्हीच मुकादमांना गळ घातली. आम्हीच. ते नको नको म्हणत होते. "तुम्हीच काहीतरी करा, तुमच्याशिवाय कोण ऐकेल?" हे वाक्य माझं. मग त्यांनी माणशी चार मग असा नियम केला. मी तो ऑफिसच्या कागदावर इंग्रजीत टाईप करून भिंतीवर लावला. खोलीत इंग्रजी येणारे दोनच. पण काय सांगू, टाईप केलेला कागद भिंतीवर लागला आणि सगळे त्याच्यासमोरून जाताना आवाज बारीक करू लागले.

आठवडाभर छान चाललं. मग पुन्हा पाणी कमी. म्हणजे कोणीतरी चोरून पितोय! मुकादमांनी पत्रेवाल्याकडून रांजणाच्या गळ्यात पट्टी बसवून घेतली, तिला झाकण, झाकणाला कडी. कुलूप जावयानेच आणलं, त्याच्या दुकानातून, मुकादमांच्या सांगण्यावरून. किल्ली मुकादमांच्या गळ्यात. आणि तरी पाणी कमी.

आता शहाण्या माणसाने काय करावं? रांजण पाहावा. पण आम्ही माणसं पाहिली. पहारा लावला. ट्रंका तपासल्या. रांजणाजवळ दोघांनी बोलायचं नाही असा कागद मी टाईप केला. मुकादमांनी धक्क्यावरून शिट्टी आणली, ती वाजली की आपापला मग घेऊन रांगेत. गंमत म्हणजे आम्हाला ते आवडत होतं. शिस्त आली, शिस्त, असं आम्ही एकमेकांना सांगायचो. मुकादमांची मान ताठ झाली, बोलणं तुटक झालं. "यल्ला, पुढचा! खलास, चार झाले!" शिंकेची माफी तर केव्हाच बंद. मग एक दिवस माणशी एक खिळा असा हुकूम निघाला आणि चाचांना कोट काढायला लावला. चाचांचे गंजीफ्रॉक आणि कोट मिळून दोन खिळे होत होते ना! चाचांनी कोट घडी करून उशाखाली घेतला. मला म्हणाले, "कितवी फेरी चालू आहे रे?" मी म्हटलं, "चाचा, कशाला त्या गोष्टी इथे लावता? ते जर्मनी, हे देरा." आणि मनात म्हटलं, म्हातारा चळला.

कुलपाला दुसरी किल्ली असणार, हे कोण पहिल्यांदा बोललं आठवत नाही. बहुतेक कोणीच बोललं नाही आणि सगळ्यांना एकदम कळलं. कुलूप कोणी आणलं? कुलपांच्या दुकानात कोण? दुसऱ्या गावचा कोण? तीन दिवसांत जावयाशी बोलणं बंद झालं. तो पाण्याच्या रांगेत उभा राहिला की पुढचा-मागचा एक पाऊल सरकायचा. त्याची ट्रंक पुन्हा तपासली, किल्ली मिळाली नाही, तर म्हणे बघा किती हुशार आहे.

शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजानंतर सभा ठरली. त्याला खोलीतून काढायचं, आणि दोन पत्रं लिहायची, एक जमातीला, एक मुलीच्या बापाला. अक्षर माझं चांगलं म्हणून पत्रं मला सांगितली. गुरुवारी सकाळी ऑफिसात बसून मी ती लिहिली. "सदर इसम पाण्याचा चोर असल्याचे आढळून आले आहे." शिवाय मुकादमांनी मला खिडकीखालची जागा देऊ केली होती, जावयाची. रिकामीच होणार होती. जूनमध्ये देऱ्यात खिडकीखालची जागा म्हणजे काय ते ज्याने भोगलंय त्यालाच कळेल.

त्याच गुरुवारी दुपारी पहाऱ्याची पाळी माझी होती. खोलीत मी एकटा, बाकीचे कामावर. उकाड्याने जीव नकोसा झाला म्हणून भिंतीकडच्या बाजूला, रांजणाच्या मागे, गारव्याला पाय सोडून बसलो. आणि विटांच्या आत मला हिरवं काहीतरी दिसलं.

मेथी! वाळूतली मेथी. बोटभर उंचीची, दोन-दोन पानांची, दाट उगवलेली. चाचा गुडघ्यांसाठी रोज सकाळी मेथीदाण्याची चिमूट तिथेच उभे राहून पाण्याबरोबर घ्यायचे, निम्मे दाणे खाली सांडायचे. आता कोकणी माणसाला कोणी शिकवायला नको. आमच्याकडे किनाऱ्यावरच्या वाळूत मेथी करतात, पण तिला रोज पाणी घालावं लागतं, एक दिवस चुकलं तर खलास. देऱ्याच्या जूनमध्ये ही मेथी हिरवीगार, म्हणजे तिला कोणीतरी रोज पाणी पाजत होतं. मी वाळूत बोट घातलं. कोपरापर्यंत गार गेलं. रांजणाच्या बुडाला तडा होता. बोटीत की कुंभाराकडेच कोण जाणे. गावचा, लाडका, मिठी मारलेला रांजण पहिल्या दिवसापासून गळत होता, आणि गळलेलं सगळं वाळू पीत होती. गावचा रांजण गळेल हे बाराजणांच्या डोक्यातच आलं नाही. दुसऱ्या गावचा माणूस चोर असेल हे मात्र लगेच आलं.

मी बोट लुंगीला पुसलं आणि पुन्हा पुढच्या बाजूला येऊन बसलो.

नातीला आणि तिच्या आधी अख्ख्या खानदानाला ही गोष्ट मी साठ वर्षं सांगत आलोय. त्यात हे गुरुवारचं नसतं. माझ्या गोष्टीत मेथी मला जुम्म्याच्या दिवशी, ऐन सभेत दिसते. का, ते आता सांगतो. सांगायला लाज वाटते, पण सांगतो. पत्रं लिहून झाली होती. कागद मी टाईप केले होते. आता उठून म्हणायचं की आपण सगळे गाढव, आणि त्यात मोठा गाढव मी? आणि मुकादमांना सांगायचं, तुमचा रांजण फुटका? मुकादमांचा राग आठवला. हो, त्या शिंकेची माफी मागणाऱ्या माणसाला मी घाबरत होतो. संध्याकाळी सांगू म्हटलं. संध्याकाळी म्हटलं, सकाळी सांगू. आणि खरं सांगायचं तर ती खिडकीही होती.

सभेला मी पुढे बसलो होतो, सेक्रेटरी म्हणून, पत्रं मांडीवर. जावई दाराशी उभा. त्याला विचारलं तेव्हा तो एवढंच म्हणाला, "मी पाणी घेतलं नाही. कुराणावर हात ठेवतो." मुकादम म्हणाले, "चोर काय, कशावरही हात ठेवेल. ज्यांना हा खोलीत नको त्यांनी हात वर करा." आणि माझा हात वर गेला. कसा गेला विचारू नका. पुढे बसलो होतो, सगळे माझ्याकडे बघत होते, गेला. मागोमाग एकेक करून बाकीचे.

तेवढ्यात मागे काहीतरी खसफसलं. सारंगचाचा उशाखालचा कोट काढून अंगात घालत होते. जून महिना, दुपारचे दोन, पत्र्याचं छप्पर! त्यांनी शांतपणे एकेक बटण लावलं, कॉलर वर केली, आणि चालत जाऊन जावयाच्या शेजारी उभे राहिले. चेहऱ्यावरून घाम ओघळतोय.

मुकादम म्हणाले, "चाचा, हे काय?"

"थंडी वाजतेय," चाचा म्हणाले.

कोणीतरी फिसकन हसलं.

"हसा. पण मला वाजते," चाचा म्हणाले. "असे सगळे हात एकदम वर झाले की मला फार थंडी वाजते. याला काढाल तर मलाही काढा. आणि पत्रात लिहा, म्हाताऱ्याला या वेळी बरी बिर्याणी घाला."

आता हसू आवरेना. हात हलायला लागले, कोणी डोकं खाजवायला नेला, कोणी नाक पुसायला. माझा हात मात्र अजून वर होता. मी त्याच्याकडे पाहिलं, आणि मला तो न्हावी दिसला, वस्तरा धरलेला. आम्ही साठ वेळा ज्याला हसलो तो. मी उठलो, रांजणामागे गेलो, मेथीची एक जुडी उपटली आणि मुकादमांच्या पुढ्यात टाकली. "हा घ्या चोर!"

पुढचं काय सांगू. पाच जणांनी रांजण उचलला, खालून पाण्याची धार लागलेली. मुकादम त्या धारेकडे बघत राहिले, बघता बघता मटकन खाली बसले आणि त्यांना शिंक आली. "माफ करा," ते म्हणाले. अल्ला! अशी हसली खोली, अशी हसली, की शेजारचे बलुची आणि पठाण धावत आले. मुकादम स्वतः रडता रडता हसत होते. त्यांनी जावयाचे दोन्ही हात धरून माफी मागितली, शिट्टी खाडीत फेकून आले, आणि त्या मेथीची भाजी स्वतः केली. बाराजणांत मूठभर भाजी. प्रत्येकाला भाकरीच्या तुकड्यावर दोन पानं आली असतील. पत्रं मी चुलीत घातली. कोट पुन्हा खिळ्यावर गेला, आणि तो खिळा अडवतो म्हणून कोणी कधी बोललं नाही. जावयाचं लग्न झालं, मुकादमांनीच पुढे होऊन लावलं, आणि वरातीत चाचा तो कोट घालून चालले, भर एप्रिलात.

एवढं सांगून, म्हणजे जुन्या पद्धतीने, गुरुवार वगळून, मी नातीकडे हिरोसारखं पाहिलं. ही गोष्ट गेल्या हिवाळ्यातली. ती म्हणाली, "वॉव दादा, यू सेव्हड हिम!" मी म्हटलं, चल, तुला तोच माणूस दाखवतो. जावई अजून आहे, अल ऐनला मुलाकडे असतो. शुक्रवारी तिने गाडी काढली.

जावई आता माझ्याइतकाच म्हातारा. उंची तेवढीच, लाजणंही तेवढंच. जेवायला अर्थातच मेथी होती, त्याच्या बायकोने मुद्दाम केलेली. नातीने फोन रेकॉर्डिंगला ठेवला, मी पुन्हा अख्खी गोष्ट सांगितली, नकलांसकट. तो मान डोलवत ऐकत होता, हसत होता. बायका आत गेल्या, नात गाडीची किल्ली शोधायला उठली, तेव्हा तो माझ्याकडे झुकून हळूच म्हणाला, "गुरुवारी दुपारी मी डोकं दुखतं म्हणून दुकानातून लवकर आलो होतो. दारातून पाहिलं. तू वाळूत बोट घातलंस आणि लुंगीला पुसलंस."

माझा घास हातातच राहिला.

"मग तूच का नाही बोललास?" कसंबसं विचारलं.

"मी?" तो म्हणाला. "माझं कोणी ऐकलं असतं? मला वाटलं तू सांगशील. संध्याकाळभर वाट पाहिली. मग वाटलं, सभेत सांगेल. मग पहिला हात तुझाच वर झाला."

"आणि साठ वर्षं गप्प बसलास?"

तो मनापासून हसला. "तू इतकं छान सांगतोस. मध्ये कशाला बोलायचं?" आणि त्याने माझ्या ताटात मेथीचा आणखी एक डाव वाढला.

परतीच्या वाटेवर मी काचेबाहेर बघत बसलो. नात गाडी चालवत होती, म्हणाली, "यू ओके, दादा? तुमचं स्टोरी मस्त रेकॉर्ड झालं." मी म्हटलं, ते पुसून टाक. फोन लाव पुन्हा. बिगिनिंगपासून सांगतो, या वेळी गुरुवारसकट.